बारावी फिजिक्स, सहाजणांची उजळणी : पूर्वभाग, सोलापूर

७ डिसेंबर

आम्ही सहाजण बारावी सायन्सला आहोत. तीन मुली, तीन मुलं, सगळे पूर्वभागातले. आजपासून बोर्डाच्या पेपरापर्यंत फिजिक्स एकत्र करायचं ठरलं. पुढच्या वर्षी कुणी असा गट काढणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून ही वही. रोज लिहिणार नाही. काही अडलं, काही सुटलं की लिहिणार.

पुस्तकात सोळा धडे आहेत, ते वाटून घेतले. वहीत कुणाची नावं लिहायची नाहीत, ज्याच्याकडे जे धडे तीच त्याची ओळख. रोटेशनवाल्याकडे रोटेशन आणि ऑसिलेशन. फ्लुइडवालीकडे फ्लुइड, कायनेटिक थिअरी, थर्मो. वेव्हवाल्याकडे सुपरपोझिशन आणि ऑप्टिक्स. करंटवालीकडे इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि करंट. एसीवालीकडे मॅग्नेटिझमपासून एसीपर्यंतचे चार. माझ्याकडे शेवटचे तीन, फोटोइलेक्ट्रिकपासून सेमीकंडक्टरपर्यंत.

आधी पेपर समोर ठेवला. लेखी ७०, प्रॅक्टिकल ३०. लेखीत १० एमसीक्यू आणि एकेका मार्काचे ८ प्रश्न, यांना पर्याय नाही. पुढे दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ, चार मार्कांचे पाचपैकी तीन. म्हणजे छापलेला पेपर ९८ चा, सोडवायचा ७० चा. करंटवाली म्हणाली, २८ मार्क सुटतायत तर दोन अवघड धडे टाकून देऊ. एसीवालीने हरकत घेतली : एका मार्काचा प्रश्न कुठल्याही धड्यावर येतो आणि तिथे सुटका नाही. तिचं पटलं. एकही धडा टाकायचा नाही.

१० डिसेंबर

जागेचाच पहिला घोळ. सगळ्यांनी मिळून एका अभ्यासिकेत महिन्याची फी आगाऊ भरली, डोकी गुणिले ३०० रुपये. तिथे कुजबुजलं तरी बाकीचे माना वर करून बघतात, आणि त्यांचं बरोबरच आहे, ते त्यांच्या परीक्षांना बसलेत. गटाला बोलायला जागा लागते, अभ्यासिका शांततेसाठी असते. पैसे परत मिळाले नाहीत. गट करणाऱ्याने जागा बघताना पहिल्यांदा एवढंच विचारावं की इथे मोठ्याने बोललेलं चालेल का.

आता वेव्हवाल्याच्या घरी बसतोय. खाली त्याच्या काकांचे टॉवेलचे यंत्रमाग, वर रिकामी खोली. माग चालू असले की फरशी थरथरते आणि ओरडून बोलावं लागतं. पण फुकट आहे आणि रात्री दहापर्यंत कुणी उठवत नाही.

१५ डिसेंबर

पहिला आठवडा पाण्यात गेला. का गेला ते नीट लिहितो, कारण बहुतेक गट इथेच मोडत असणार.

पद्धत अशी होती : ज्याचा धडा त्याने फळ्यावर शिकवायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. रोटेशनवाल्याने कोनिकल पेंड्युलम, बँक केलेला रस्ता, पॅरलल अॅक्सिस थिअरम असं सगळं घेतलं. चांगलं शिकवतो तो. सगळ्यांच्या माना हलल्या, वह्या भरल्या, सगळ्यांना वाटलं की झालं.

काल एसीवालीने प्रत्येकाला एक कोरा फुलस्केप दिला आणि पॅरलल अॅक्सिस थिअरम लिहायला सांगितला. वह्या बंद. रोटेशनवाल्याचा सोडून एकाचाही पुरा झाला नाही. चौघांनी आकृती काढून पेन ठेवलं. पाचव्याने शेवटचं सूत्र थेट लिहिलं, मधल्या तीन ओळी गायब. आणि रोटेशनवाला म्हणाला, "मला तर आता आधीपेक्षा पक्कं झालंय बे."

आठवडाभर शिकला तो एकटाच, ज्याला आधीपासून येत होतं. आम्ही पाचजण त्याचे प्रेक्षक.

२१ डिसेंबर

पद्धत उलटी केली. धडा ज्याला सगळ्यात कमी येतो त्याने फळ्यापाशी उभं राहायचं. ज्याला येतो त्याने बसायचं आणि फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर सांगायचं नाही, खडू हातात घ्यायचा नाही. प्रश्नही ठरवलेले : हे कुठून आलं? आकृतीत दाखव. याचं एकक काय? आणि कुठलंही बल काढलं की, हे बल कोण लावतंय?

आज फ्लुइडवाली कोनिकल पेंड्युलमला (दोरीला टांगलेला गोळा आडव्या वर्तुळात फिरतो तो) उभी होती. तिने गोळ्यावर तीन बाण काढले. खाली वजन, दोरीतून ताण, आणि आत, मध्याकडे, सेंट्रिपीटल फोर्स. रोटेशनवाला बसल्या जागेवरून : "वजन कोण लावतंय?" पृथ्वी. "ताण?" दोरी. "आणि तिसरं?" ती थांबली. बराच वेळ गेला. वेव्हवाला सांगायला उठला, त्याला खाली बसवलं. शेवटी तिने तिसरा बाण स्वतःच पुसला आणि म्हणाली, "हे लावणारं कुणीच नाही. हा ताणाचाच आडवा भाग आहे." पुढचं डेरिव्हेशन सरळ गेलं : ताणाचा उभा भाग वजन तोलतो, आडवा भाग गोळ्याला वर्तुळात फिरवतो, एकाला दुसऱ्याने भागलं की टॅन थीटा.

त्या एका बाणावर अर्धा तास गेला. फळ्यावर शिकवण्याच्या पद्धतीत तेवढ्या वेळात तीन डेरिव्हेशनं व्हायची. पण नंतर कोरा कागद दिला तेव्हा सहाच्या सहाजणांनी दोनच बाण काढले.

अवघड काय असेल तर येणाऱ्याने गप्प बसणं. समोरचा अडखळतोय आणि आपल्याला येतंय, तर तोंड आपोआप उघडतं. त्यासाठी एक जण फक्त गप्प बसवायला नेमावा. आमच्याकडे ते काम एसीवाली करते.

२८ डिसेंबर

आजची नोंद मोठी होणार. आज मागाचा त्रास कामाला आला.

बीट्सचा धडा माझ्या वाट्याला आला, कारण सगळ्यात कमी मला येत होता. दोन ट्यूनिंग फोर्कच्या फ्रिक्वेन्सीमधला फरक म्हणजे सेकंदाला ऐकू येणारे बीट्स, म्हणजे आवाजाचे चढउतार, हे वाक्य पाठ होतं. "कुठून आलं?" म्हटल्यावर पुढे काही नव्हतं. तेवढ्यात वेव्हवाला म्हणाला, "खाली ऐक की."

खाली दारालगतचे दोनच माग चालू होते. दोघांचे ठोके आधी वेगवेगळे ऐकू येत होते, खट-खटाक खट-खटाक. हळूहळू जवळ आले, एका क्षणी दोघांचा मिळून एकच जोरदार ठोका, आणि पुन्हा फाकत गेले. थोड्या वेळाने पुन्हा एकत्र. मोबाईलवर रेकॉर्ड केलं, मग एकेका मागापाशी फोन धरून त्याचे ठोके मोजले. एकाचे मिनिटाला ११६, दुसऱ्याचे ११२. फरक ४, म्हणजे मिनिटात चार वेळा ठोके एकत्र यायला पाहिजेत, दर पंधरा सेकंदांनी. स्टॉपवॉच लावून बघितलं. पंधराच्या आसपासच आले.

कारण आता सांगता येतं. पहिला माग दुसऱ्यापेक्षा मिनिटाला चार ठोके जास्त टाकतो. एकत्र आल्यापासून पुन्हा एकत्र यायचं तर त्याने बरोबर एक ठोका पुढे काढला पाहिजे, आणि त्याला पाव मिनिट लागतं. फोर्कमध्ये ठोक्याच्या जागी लाटेचं एक आवर्तन धरायचं. आवर्तनं जुळली की आवाज वाढतो, उलट पडली की दबतो. मागाचे ठोके तुटक आहेत आणि लाट सलग, तेवढा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर पेपरात कुणी माग लिहून येईल.

मग मेणाचं न्युमेरिकल सुटलं, जे वर्षभर कुणालाच धड येत नव्हतं. एक फोर्क २५६ चा, दुसरा माहीत नाही, सेकंदाला ४ बीट्स. म्हणजे दुसरा २५२ किंवा २६०. दुसऱ्याला थोडं मेण लावलं की त्याची फ्रिक्वेन्सी कमी होते. बीट्स ४ वरून २ वर आले तर तो मुळात २६० चा होता, उतरून २५८ वर आला आणि पहिल्याच्या जवळ सरकला. बीट्स वाढले तर तो २५२ चा होता आणि आणखी लांब गेला. आधी आम्ही "मेण म्हणजे वजा" असं काहीतरी पाठ करत होतो. आता विचारायचं एवढंच : मंद माग आणखी मंद केला तर ठोके जास्त वेळा जुळतील की कमी वेळा? जास्त वेळा, कारण फरक वाढला.

काका वर येऊन विचारून गेले की माग बंद पडला का, सगळे खाली कान लावून का बसलाय. त्यांना हिशेब सांगितला. ते म्हणाले, हे त्यांना ठाऊकच होतं, रात्री झोपेत पण कळतं.

४ जानेवारी

लॉगटेबल. यावर आमचे सगळ्यात जास्त मार्क सांडत होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगटेबल चालतो. पण वर्षभर सगळ्यांनी न्युमेरिकल मोबाईलवर सोडवली. आज मोबाईल एका पिशवीत गोळा केले आणि जुन्या पेपरांमधली न्युमेरिकल लॉगने करायला घेतली. सूत्र बरोबर, किंमती बरोबर, उत्तर चूक, असे ढीगभर निघाले.

मुख्य रोग बारचा, म्हणजे लॉगच्या पूर्णांकावर काढतात त्या उणेच्या रेषेचा. उदाहरण जसं वहीत झालं तसं देतो. ०.०६६२ भागिले ८. पहिल्याचा लॉग बार २.८२०९, आठाचा ०.९०३१. वजाबाकी करताना करंटवालीने सगळं मिळून उणे २.०८२२ काढलं. ते बरोबरच आहे. पण टेबलात बघताना तिने तेच बार २.०८२२ म्हणून धरलं. बारचा अर्थ फक्त पूर्णांक उणे, दशांश अधिकच राहतो. उणे २.०८२२ म्हणजे बार ३.९१७८. त्याचा अँटिलॉग ०.००८२७६, आणि हे खरं उत्तर. तिचं आलं होतं ०.०१२०८.

यावर दोन उपाय केले. पहिला, वजाबाकीत दशांश कमी पडला तर पूर्णांकाकडून एक उसना घ्यायचा, प्राथमिक शाळेत हातचा घेतो तसा : बार २.८२०९ ला बार ३ अधिक १.८२०९ असं लिहायचं आणि मग ०.९०३१ वजा करायचा. दुसरा, लॉगला हात लावण्याआधी अंदाज लिहायचा. सहासष्ट हजारांश भागिले आठ म्हणजे साधारण आठ हजारांश. मग बारा हजारांश आलं की लगेच कळतं, कुठेतरी गेलं.

फोटोइलेक्ट्रिकची न्युमेरिकल त्या मानाने सोपी, कारण दहाचे घात बाजूला काढून ठेवता येतात. वर्क फंक्शन (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) २ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर थ्रेशोल्ड वेव्हलेंग्थला १९.८९ भागिले ३.२ एवढंच लॉगने करायचं : १.२९८६ उणे ०.५०५१, उरले ०.७९३५, अँटिलॉग ६.२१६. घात लावले की ६२१६ अँगस्ट्रॉम. घात लॉगमध्ये कोंबायचे नाहीत, हा नियम मी माझ्या तिन्ही धड्यांना लावून दिला.

आता रोज बसल्याबरोबर पहिली पंधरा मिनिटं लॉग, मग बाकी सगळं. खर्च : लॉगटेबलची पुस्तिका प्रत्येकाला एक, ३० रुपयांना. आधीच्या पेपरांचे झेरॉक्स सगळ्यांत मिळून २१० रुपये. अभ्यासिकेपेक्षा हे पैसे फार कामाला आले.

१७ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची संक्रांतीची यात्रा. तैलाभिषेकापासून शोभेच्या दारूकामापर्यंत अभ्यास झाला नाही आणि होणारही नव्हता. ज्यांना वेळापत्रक करायचंय त्यांनी संक्रांतीचा आठवडा आधीच कोरा सोडावा. आम्ही त्यात दोन धडे मांडून ठेवले होते, ते पुढे ढकलले आणि पुढचं सगळंच हललं.

एक मात्र पदरात पडलं. अक्षता सोहळ्याच्या दिवशी नंदीध्वज जाताना रोटेशनवाला म्हणाला, एवढी उंच काठी माणूस तोलतो कशी, आखूड असती तर सोपं नसतं का? आज खोलीवर त्याचा हिशेब केला, उभी होती एसीवाली. काठी जराशी कलली की तिचं वजन तिला खाली फिरवतं. तो टॉर्क लांबीच्या पटीत वाढतो. पण खालच्या टोकाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरायला होणारा विरोध), एमएल वर्ग भागिले तीन, लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. भागाकार केला की वस्तुमान निघून जातं आणि कोनीय त्वरण लांबीच्या व्यस्त प्रमाणात येतं. काठी जितकी लांब तितकी सावकाश पडते आणि पेलणाऱ्याला खालचं टोक सावरायला वेळ मिळतो. वरच्या टोकाला साज बांधल्याने आणखी सावकाश : सगळं वजन टोकालाच आहे असं धरलं तर त्वरण सरळ काठीच्या दोन तृतीयांश येतं.

खात्री करायला तळहातावर पेन उभं धरून बघितलं, लगेच पडलं. केरसुणीचा लांब दांडा मात्र करंटवालीने खोलीभर फिरवला. पेलणाऱ्याच्या ताकदीचं आणि सरावाचं महत्त्व याने कमी होत नाही. बाराबंदीतल्या त्या माणसांना वजन उचलावं लागतंच, हे गणित फक्त तोल जाण्यापुरतं आहे.

२० जानेवारी

नळाला पाणी येतं त्या दिवशी निम्मा गट येत नाही, घागरी आणि टाक्या भरायच्या असतात. प्रत्येकाच्या भागाचा पाण्याचा दिवस वेगळा. आता भिंतीवर सहाजणांचे पाण्याचे दिवस लिहिले आणि त्याप्रमाणे धडे लावले. हे पहिल्या दिवशी करायला हवं.

प्रिलिम झाली. पेपर आपसात बदलून पुन्हा तपासले. दोघांनी तीन मार्कांचे आठच्या जागी दहा प्रश्न लिहिले होते, आणि मग चार मार्कांच्या शेवटच्या प्रश्नाला वेळ उरला नव्हता.

२६ जानेवारी

करंटवालीला फळ्यापाशी उभं राहायला अजून भीती वाटते. पाचजण बघत असले की तिचं येत असलेलंही जातं. म्हणून ती आठवडाभर घरी अव्वाला, म्हणजे आजीला, समजावत होती, तेलुगूत. अव्वा विड्या वळत बसते, हात थांबत नाहीत, आणि मधेच फक्त "का?" विचारते. सेल जोडला की टोकांमधला व्होल्टेज ईएमएफपेक्षा (सेलच्या मूळ व्होल्टेजपेक्षा) कमी का दिसतो, यावर अव्वाने इतक्या वेळा "का?" विचारलं की शेवटी हिने सेलच्या आतच एक रेझिस्टन्स काढून दाखवला, आणि करंट वाहू लागला की थोडा व्होल्टेज त्याच्यातच खर्च होतो हे सांगितलं. आज तीच इंटर्नल रेझिस्टन्सला उभी राहिली आणि एकदाही अडली नाही. जिथे गटाचा धाक वाटतो तिथे घरातलं एखादं माणूस शोधावं, ज्याला विषय येत नाही पण "का?" विचारायला कंटाळा येत नाही.

३० जानेवारी

प्रॅक्टिकलचा सराव, कॉलेजच्या लॅबमध्ये. लॅब असिस्टंट काकांनी सुट्टीनंतर थांबू दिलं.

पोटेन्शिओमीटरने (लांब तारेवर सेलचा ईएमएफ तोलून बघायचं साधन) पूर्ण दुपार खाल्ली. गॅल्व्हनोमीटरचा काटा तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला जात होता, नल पॉइंट, म्हणजे काटा शून्यावर येतो ती जागा, मिळेना. पहिला तास वायरी काढून पुन्हा जोडण्यात गेला, आणि दर वेळी तेच. मग इथेही खोलीवरचाच नियम लावला : जोडणाऱ्याने हात मागे घ्यायचे, दुसऱ्याने पॉझिटिव्हपासून बोट फिरवत मोठ्याने सांगत जायचं. वेव्हवाल्याचं बोट सेलपाशी थांबलं. मुख्य बॅटरीचं पॉझिटिव्ह तारेच्या पहिल्या टोकाला होतं, आणि तपासायच्या सेलचं निगेटिव्ह त्याच टोकाला. सगळे पॉझिटिव्ह एकाच टोकाला हवेत. ते बदललं, तरी काटा एकाच बाजूला. दुसरं कारण बॅटरीच उतरलेली : तारेवरचा एकूण व्होल्टेज सेलच्या ईएमएफपेक्षा कमी असेल तर तोलणारी जागा तारेवर असणारच नाही. काकांनी दुसरी बॅटरी दिली आणि काटा दोन्हीकडे जायला लागला.

बाकी किरकोळ : वायरींची टोकं पॉलिश पेपरने घासावीत. जॉकी (तारेला टेकवायची टोकदार कांडी) तारेवर घासत न्यायचा नाही, उचलून टेकवायचा. रीडिंग घेतल्यावर सर्किटची की (स्विच) काढून ठेवायची, नाहीतर तार तापते आणि लांबी सरकत जाते.

८ फेब्रुवारी

समाजमंदिराच्या हॉलमध्ये घड्याळ लावून पूर्ण तीन तासांचा पेपर. १८० मिनिटांत ७० मार्क, म्हणजे मार्काला अडीच मिनिटं. रोटेशनवाल्याने चार मार्कांपासून सुरुवात केली, एका डेरिव्हेशनला पंचवीस मिनिटं घातली, शेवटी एमसीक्यू घाईघाईत उरकले. एमसीक्यूत खाडाखोड महागात पडते, कारण पहिलं लिहिलेलं उत्तरच तपासतात. बाकी पाचजण पहिल्यापासून क्रमाने गेले आणि सगळ्यांचा पेपर वेळेत झाला. आता तोही क्रमानेच जाणार.

साबणाच्या फुग्याला दोन पृष्ठभाग, थेंबाला एक, हे अजूनही दोघांचं चुकतंय. फ्लुइडवाली उद्या त्यांनाच उभं करणार आहे.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी

नवीन काही उघडलं नाही. फक्त चुकांची वही वाचली, त्यात प्रत्येकाच्या खोडलेल्या ओळी आणि शेजारी बरोबर ओळ. आठला सगळे घरी.

पेपरनंतर

सगळ्यांचा पूर्ण लिहून झाला. दोघांना लॉगची आकडेमोड दोनदा करावी लागली, दोन्ही वेळा अंदाजामुळे चूक पकडली गेली. मार्क मे-जूनमध्ये कळतील, तोपर्यंत त्यावर बोलायचं नाही असं ठरलंय.

चुकांची वही कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवली आहे. अकरावीच्या मुलांना सांगून ठेवलंय, पाहिजे त्याने कॉपी काढावी. पेन्सिलने लिहिलेली लॉगची पानं झेरॉक्समध्ये पुसट येतात, ती हाताने उतरवून घ्यावीत.